बायांचा तास

काल आमच्या गल्लीत हळद होती. सहाला सुरू झाली, दहाला संपली. चार तासांत तीन डीजे झाले. एक मलकापूरचा, एक मोताळ्याचा आणि एक नवरदेवाचा दोस्त, ज्याच्याजवळ पेनड्राइव्हशिवाय स्वतःचं काही नव्हतं. दहाच्या ठोक्याला सगळं गप्प झालं, पोरं गाड्यांना किका मारून निघून गेली. सव्वादहाला मांडवाच्या मागून, चुलीजवळून, आठ-दहा बाया पदराला हात पुसत बाहेर आल्या. रिकाम्या मांडवाकडे पाहून त्यातली एक म्हणाली, "झालं पन का?" आणि सगळ्या मिळून खुर्च्या उचलायला लागल्या.

मी ओट्यावर उभी होते. भास्करभाऊ असते तर हे होऊ दिलं नसतं, असं मनात आलं आणि रात्रभर तेच येत राहिलं.

भास्करभाऊ आमचे शेजारी. धामणगाव बढ्यात, प्लॉटवर, भिंतीला भिंत. दिवसा मोटार भरायचं काम. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी त्यांच्या ओसरीत ओळीनं पडलेल्या असायच्या आणि भाऊ मांडी घालून तांब्याची तार गुंडाळत बसायचे. लग्नसराई लागली की मात्र तारा बदलायच्या. मग ते 'प्रज्ञा साऊंड'चे मालक, चालक, हमाल, सगळं तेच. प्रज्ञा म्हणजे त्यांची एकुलती लेक.

डीजे म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्यातलं त्यांच्यात काहीही नव्हतं. उंच, वाळलेले, एक खांदा स्पीकरचे डबे उचलून उचलून खाली गेलेला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचंसुद्धा बटन लावलेलं, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. गाणं कितीही जोरात असो, यांची मान हलायची नाही. जळालेली मोटार ऐकायचे तसंच गाणं ऐकायचे, मान तिरकी करून, कुठं घासून राहिलंय का ते पाहत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्हाला गाणी आवडतात तरी का?" तर म्हणे, "मले मानसं आवडते, मॅडम. गानी तं पेनड्राइव्हमंदी हायेच."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं सैल घड्याळ, आणि प्रत्येक गोष्ट वेळेत झाली पाहिजे हा माझा रोग. नवरा म्हणतो, हिच्या घरात दूधसुद्धा बेल झाल्यावर उतू जातं. त्यामुळे भाऊंचं आणि माझं भांडण ठरलेलंच. विषय एकच, डीजेनं किती वेळ वाजवावं.

त्यांचा नेम होता, एक रात, एक माणूस. हळदीला ज्यानं पहिलं गाणं लावलं त्यानंच शेवटचं लावायचं. मधे दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, घड्याळाकडे पाहायचं नाही. तेव्हा दहाला आवाज बंद करायच्या नियमाकडे आमच्याकडे कोणी फार बघत नव्हतं, जेवणं आटोपून नऊला सुरू झालेली हळद एक-दीडपर्यंत चालायची. भाऊंच्या हिशेबी त्या रात्रीचे वाटे ठरलेले होते.

"पयल्या तासात कोनी नाचत नाई," ते समजावून सांगायचे. "आन नाचत नाई म्हनूनच तो तास लागते. मानसाले लाज सोडाले येळ द्या लागते का नाई? बट्टी उकडल्याबिगर तळता का तुम्ही?"

दुसरा तास पोरांचा. तो त्यांना फारसा आवडायचा नाही, पण पोरं दमली पाहिजेत म्हणून ते चांगली जोरातली गाणी लावायचे. तिसरा मामा-काकांचा. आमच्याकडे खानदेश जवळ, त्यामुळे अहिराणी गाणं लागलं की जावई, मामा, फुफा सगळे रुमाल काढून मैदानात. त्यातले जे जास्तच रंगात असायचे ते तासाभरात कुठल्या तरी खाटेवर आडवे व्हायचे. आणि मग चौथा तास. भाऊ त्याला बायांचा तास म्हणायचे. तो कधी पाऊण तास असायचा, कधी दोन. पण नाव तास.

आमच्याकडे हळदीला गावजेवण असतं, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. पाचशे-सातशे माणसाच्या बट्ट्या. उकडायच्या, कापायच्या, तळायच्या, वाढायच्या, मग पातेली घासायची. हे करणाऱ्या बाया घरच्याच, भावकीतल्या, गल्लीतल्या. सगळा मांडव नाचत असताना त्या मागे धुरात असतात आणि त्यांचं आवरेपर्यंत साडेबारा वाजतात. कोणत्याही डीजेनं तोवर दुकान बंद केलेलं असायचं. भाऊंनी नाही.

या बाया आल्याची चाहूल लागली की भाऊ उठायचे. फिरणारे रंगीत लाइट बंद करायचे. ट्यूब एकच ठेवायची, तीही खांबामागची. आवाज निम्मा. दोन डबे स्वतः उचलून त्यांचं तोंड चुलीकडे करायचं. मग पोरांकडे पाहून एवढंच, "मोबाइल खिशात, नाईतं घरी." आणि सगळ्यात शेवटी आपलं टेबलच उलटं फिरवून, मांडवाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बाया नाचायच्या तेव्हा भास्करभाऊंनी कधी वळून पाहिलं, असं गावात कोणी सांगणार नाही.

मी विचारलं होतं, न पाहता गाणं कसं निवडता. म्हणाले, "पायाचा आवाज येते ना. बांगड्यायचा येते. कोनती दमली, कोनती आत्ताच आली, सगळं समजते. डोये कायले पाह्यजेत?"

हा तास संपायचा कधी, याचाही नियम होता. सगळ्यात शेवटी नाचणाऱ्या बाईनं भाऊंच्या पाठीमागे जाऊन म्हणायचं, "झालं, भाऊ." ते म्हटल्यावर चालू असलेलं गाणं ते पूर्ण वाजू द्यायचे, आणि पुढचं लावायचे नाहीत. दुसऱ्या कोणी सांगितलेलं त्यांना ऐकूच यायचं नाही. नवरदेवाचा बाप येऊ दे नाही तर सरपंच.

एकदा एका बाईचा नवरा, पिऊन तर्र, मांडवात आला. बायको नाचते हे त्याला खपेना, आणि ते तोंडानं म्हणायची हिंमतही नाही. म्हणून मग भाऊंच्या मागे लागला, "माह्यं गानं लाव बे. पयले माह्यं गानं." भाऊंनी पाठ फिरवलेली तशीच ठेवून सांगितलं, "तुमचा तास झाला, भाऊ. तुम्ही तवा नाचले ना? मी पाह्यलं ना तुमाले. बेस नाचले. आता बसा." तो बुचकळ्यात पडला, चांगलं नाचलो म्हणून खूशही झाला, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या झोपला. त्याची बायको त्याच्यापासून दोन हातांवर नाचत होती.

भीमजयंतीच्या कमिटीची मीटिंग माझ्याच ओसरीत व्हायची. एका वर्षी कमिटीतल्या पोरांनी विषय काढला, की एकच डीजे कंटाळवाणा होतो, आता मोठ्या शहरात तासातासाचे सेट असतात. मी पोरांच्या बाजूनं. म्हटलं, बरोबर आहे, शाळेतसुद्धा तास पस्तीस मिनिटांचाच असतो. भाऊ चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हनून तं पोरायले काही येत नाई, मॅडम." सगळी कमिटी हसली. मला राग आला, पण हसूही आलं.

मग त्यांनी शेजारच्या गावातली गोष्ट सांगितली. तिथे तिघा डीजेंना एकेक तास दिलेला. पहिल्यानं विचार केला, आपल्याला तासच आहे, म्हणून आल्या आल्या सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. दुसऱ्यानंही तोच विचार केला. तिसऱ्यानंही. "एकच गानं तीन खेपा, आन तिन्ही खेपा सुरुवातीलेच," भाऊ म्हणाले. "जेवाले बसल्यावर तिघा जनायनं येऊन फक्त गोड वाढावं तसं झालं. बारा नाई वाजले तं लोक घरी. तासाचा मानूस मानसाइची वाट पाहू शकत नाई ना. त्याले सोताचीच घाई."

पोरांनी विषय सोडला. मीही सोडला, पण पटलं म्हणून नाही. माझं घड्याळ मनात चालूच होतं.

हे सगळं भाऊ कोणासाठी करतात, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. त्यांची बायको, सिंधूवहिनी. लोणारकडची, बीबीची. बोलणं जालन्याच्या बाजूचं, आमच्यापेक्षा वेगळं, त्यामुळे आमच्या सासूबाई वीस वर्षं तिला "पाहुनी"च म्हणायच्या. बट्टीत तिचा हात धरणारी पंचक्रोशीत नव्हती. कोणाचीही हळद असो, मोठ्या पातेल्यापाशी वहिनी. सगळ्या बाया नाचायला गेल्या तरी ही मागे भांडी मोजत असायची. हाक मारली की म्हणायची, "व्हा तुम्ही पुढं. माझं अजून आवरलं नाही ना बाई."

एकदा मी भाऊंना म्हटलं, "सगळ्या नाचून दमल्या. आता कोणाची वाट पाहता?" ते मिक्सरवरची धूळ फुंकत होते. म्हणाले, "एक बाई हाये. पंधरा वरसं झाले, तिचं आवरूनच नाई राह्यलं."

आणि मग दुसऱ्या दिवशी ओसरीत, तार गुंडाळता गुंडाळता, त्यांनी ते सांगितलं. तरुण असताना ते बीबीला मावसभावाच्या हळदीला गेले होते. तिथे शेवटी चुलीजवळून एक पोरगी हात पुसत आली आणि नाचायला लागली. "मॅडम, अशी नाचली का सांगता सोय नाई. आन अर्ध्यात लाइन गेली. ती हात वर केलेली तशीच उभी. सगळे हसले, तिनं हात खाली घेतला, आन गेली घरात." पुढे भाऊंनी घरी सांगून तिलाच मागणी घातली. लग्न झालं, प्रज्ञा झाली, साऊंड घेतलं, जनरेटर घेतलं. "लाइन जाऊ नये म्हनून," ते म्हणाले. "पन तिचं राह्यलेलं नाचनं पाह्यचं राहूनच गेलं."

मी म्हटलं, "पाहणार कसे? तुम्ही तर पाठ फिरवता."

"पाह्यतो कशाले? आयकीन. आयकलं तरी पुरे."

मला हे माहीत होतं. नेमकं माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना आजही मान वर होत नाही.

माझ्या धाकट्या दिराची हळद. घर आमचं, मी थोरली जाऊ, म्हणजे सगळी सूत्रं माझ्या हातात. वऱ्हाड सकाळी सहाला मेहकरला निघायचं होतं. मी ट्रॅव्हल्सवाल्याला तीनदा बजावलेलं, पाहुण्यांच्या आंघोळींचे नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले. साडेबारा वाजले. मामा-काका नुकतेच आडवे झाले होते. दोन-तीन बाया आल्या, पण दमून खुर्च्यांवरच बसल्या. भाऊ टेबल फिरवायलाच लागले होते. मी घड्याळ पाहिलं. साडेपाच तासांनी गाडी. मी तरातरा गेले आणि म्हटलं, "झालं, भाऊ."

मी एक पाऊलही नाचले नव्हते. शेवटची बाई मी नव्हतेच. पण शब्द तोच होता, आणि म्हणणारी बाईच होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. चालू गाणं पूर्ण वाजलं, आणि पुढचं लागलं नाही.

मी मागे वळले. मागच्या दारात सिंधूवहिनी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हात ओले, केस नुकतेच पुन्हा बांधलेले. आणि चपला काढलेल्या. पायाशी जोडीनं ठेवलेल्या. आमच्याकडे बाई चपला काढून मांडवाच्या कडेला आली की ती कशाला आली हे विचारावं लागत नाही. तिनं गप्प झालेल्या डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसली. "झालं वाटतं," म्हणाली. "बरं झालं बाई, पातेली राहिलीच होती दोन." चपला पायात घातल्या आणि आत गेली.

मला तेव्हा वळून म्हणता आलं असतं, भाऊ, लावा एक. दोन शब्दांचं काम. पण मी म्हटलं, जाऊ दे, माणसं झोपू देत, पुढच्या लग्नात पाहू.

त्यानंतर आठ महिन्यांनी सकाळी नळावर वहिनीला चक्कर आली. डोक्यातली नस फुटली होती. बुलढाण्याला नेलं, दोन दिवस राहिली, परत आली ती झाकलेली आली. आमच्या गल्लीत तोवर पुढचं लग्न झालंच नव्हतं.

भाऊंनी मला कधी काही म्हटलं नाही. भिंतीपलीकडून आधीसारखाच "जय भीम, मॅडम" यायचा. मी स्वतःची समजूत घातली होती, की ते टेबल फिरवत होते, त्यांनी दाराकडे पाहिलंच नसणार. म्हणजे हे फक्त मला आणि तिला माहीत, आणि ती तर गेली. अशी समजूत किती वर्षं पुरते? मला फार पुरली नाही. त्यांच्याकडे भाजीची वाटी द्यायला गेले की भिंतीवरच्या वहिनीच्या फोटोकडे मी पाहायचे नाही. थोडा वेळ बसा म्हणाले तर घड्याळ दाखवायचे.

त्यानंतर दोन-तीन लग्नसराया त्यांनी केल्या. बायांचा तास तसाच, पाठ तशीच. मग दहाचा नियम कडक झाला. पोलिसांची गाडी यायची, साऊंड जप्त व्हायचं. नियम वाईट नाही, मी मास्तरीण आहे, परीक्षेच्या दिवसांत मीच तक्रार केली असती. पण चार तासांत हळद बसवायची म्हटल्यावर बायांच्या तासालाच कात्री लागली, कारण त्या वेळी बाया चुलीवर असतात. आणि उरलेल्या वेळात तीन-तीन डीजे. भाऊंना कोणी बोलावलं तर विचारायचं, "काका, पाऊण तास वाजवता का?" ते म्हणायचे, "पाऊन तासात तं माह्यं जनरेटर गरम होत नाई." पुढे त्यांनी मोठे डबे एका पोराला देऊन टाकले. दोन लहान तेवढे ठेवले, मोटारींच्या मागे, पोत्याखाली झाकून.

प्रज्ञा नर्स झाली, संभाजीनगरला लागली. तिचं लग्न ठरलं. हळद इथेच, त्यांच्या अंगणात. तिच्या मित्रांनी तीन डीजे ठरवले, पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं. भाऊ नवरीचे बाप म्हणून नवा शर्ट घालून, गळ्याचं बटन लावून, खुर्चीत बसलेले. मी मागे. बट्टीचं मोठं पातेलं मीच मागून घेतलं होतं. कोणी दिलं नव्हतं, कोणी मागितलंही नव्हतं. वहिनीच्या जागी कोणी तरी बसायला पाहिजे ना. हात पिठानं भरलेले, डोळ्यांत धूर, आणि पुढे कोण नाचतंय ते दिसत नाही, नुसती जमीन हादरते. वीस वर्षं ती हे करत होती. मला एका रात्रीत कंबर धरून बसायची पाळी आली.

दहाला सगळं बंद झालं. पोरं गेली. भाऊ मागच्या दारात आले.

"मॅडम, किती राह्यलं?"

"भांडी राहिलीत. तुम्ही झोपा भाऊ, सकाळी उठायचंय."

"झोपतो कशाले. तुमचं होऊ द्या."

पाहते तर ते मोटारींमागून दोन डबे काढत होते. मागच्या अंगणात, भिंतीजवळ, एक टेबल ठेवलं. गाणं लावलं, आणि आवाज इतका बारीक ठेवला की पलीकडची म्हातारी खोकली तर गाणं ऐकू येऊ नये. डब्यांचं तोंड चुलीकडे. बल्ब खांबामागे. मग टेबल उलटं फिरवून उभे राहिले.

बाया आधी एकमेकींना ढकलत होत्या. मग एक उतरली, मग तिघी, मग प्रज्ञा स्वतः, हळदीच्या अंगानं. इतक्या हळू आवाजावर नाचायचं म्हणजे सगळ्यांना कान देऊन नाचावं लागत होतं, त्यामुळे कोणी बोलतही नव्हतं. नुसते पाय वाजत होते. मी कढईशी बसून पाहत होते. साडेअकरा झाले, बारा झाले. एकेक दमून बसली. "झालं, भाऊ" म्हणायला मात्र कोणी उठेना.

भाऊ भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "मॅडम राह्यल्या."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत? पाठीला डोळे आहेत का?"

"तुमच्या घड्याळाचा पट्टा वाजते. तो नाई आयकला अजून."

मी उठले. हात धुतले. त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि इतक्या वर्षांचं ते एका दमात बोलले. बाकीच्या ऐकू नयेत म्हणून हळू बोलले, पण बोलले. "भाऊ, माझ्या दिराच्या हळदीला मी झालं म्हटलं ना, तेव्हा वहिनी आली होती. दारात उभी होती. चपला काढून आली होती. मी पाहिलं आणि तरी गप्प बसले."

ते वळले नाहीत. आवाजाच्या बटनावर बोट होतं, ते तसंच राहिलं.

"मलेबी दिसली होती ती," ते म्हणाले. "टेबल पुरं कुठं फिरलं होतं. चपला काढताना पाह्यलं मी तिले." मग म्हणाले, "तुम्ही म्हनल्या, झालं. पन बटन तं माह्याच बोटाखाली होतं ना, मॅडम. एक गानं लावाले कोन अडवत होतं? मी म्हनलं, मॅडमच्या घरचं काम हाये, पुढच्या लग्नात पाहू."

तेच शब्द. मी मनात म्हटलेले, जसेच्या तसे. मला रडू आवरेना. इतकी वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं एकच गोष्ट लपवून बसलो होतो.

"रडू नका," ते म्हणाले. "नाचा. तिचं पातेलं घेतलं ना तुम्ही? मंग पुरं घ्या."

मी चपला काढल्या. घड्याळ काढायला लागले, तर म्हणे, "राहू द्या. नाईतं मले कसं समजन?"

मला नाचता येत नाही. कधीच आलं नाही. पण नाचले. आधी लाज वाटली, मग पहिला तास कशासाठी असतो ते समजलं, मग लाज गेली. घड्याळ मनगटावर वर-खाली होत होतं आणि भाऊंची मान ऐकायला तिरकी झाली होती. एका गाण्यात मी नकळत दोन्ही हात वर नेले. ती बीबीची पोरगी आठवली, आणि मग मी हात खाली घेतलेच नाहीत, गाणं संपेपर्यंत.

एक-एक करून बाया आत जाऊन लवंडल्या. प्रज्ञाही झोपली. अंगणात मी आणि भिंतीकडे तोंड करून उभे असलेले ते. आता शेवटची बाई मीच होते. मीच म्हणायचं होतं. मी त्यांच्या पाठीशी गेलेसुद्धा. तो खाली गेलेला खांदा, नव्या शर्टाची कॉलर, मानेवर पिकलेले केस. आणि शब्द तोंडाशी आला तेव्हा मला वाटलं, वहिनीच्या वेळी मी तो फार लवकर म्हटला होता. आज मी तो म्हणणार नाही.

मी चपला हातात घेतल्या आणि पाऊल न वाजवता आत गेले. घड्याळ मुठीत घट्ट धरलं. दारातून पाहिलं तर ते तसेच उभे. एक गाणं संपलं, त्यांनी दुसरं लावलं. जुनं होतं, लोणारकडच्या लग्नांत वाजायचं तसलं. मी तिथून निघाले हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कानाला सगळं कळायचं. तरी त्यांनी पाठ वळवली नाही. मान तिरकी करून ते रिकाम्या अंगणातलं काही तरी ऐकत होते.

लग्नानंतर ते लेकीकडे राहायला गेले आणि दोन वर्षांनी तिकडेच वारले. लग्नात, नंतर एक-दोनदा बसस्टँडवर, मी त्यांना पाहिलं असेलच. पण मला ते आठवतात ते पाठमोरे, मागच्या अंगणात, बारीक आवाजावर बोट ठेवून. कोणी झालं म्हटलेलं नाही, म्हणून अजून वाजवत असलेले.